ओळींचा खेळ

अमळनेर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सोनाली,

अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण हे पत्र गणिताचं आहे आणि गणितात 'अनेक' चालत नाही. म्हणून मोजून तीन पाठवतो. तुला, योगेंद्ररावांना आणि हर्षालीला एकेक. वाटणीवरून भांडू नका.

काल फोनवर तू रडलीस आणि नेटवर्क गेलं असं सांगितलंस. बाई, नेटवर्कला सर्दी होत नाही.

यापुढे पत्रच लिहीन. तुमच्या घरात फोन एक, तो योगेंद्ररावांच्या खिशात बारा तास कारखान्यात असतो. आणि व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहिल्या की तू मला अंगठा दाखवतेस. आमच्या काळी मामाला अंगठा दाखवणाऱ्या भाचीला जेवायला वाढत नसत.

मला समजलं ते असं. हर्षाली तिसरीत आहे. बाईंनी तुला शाळेत बोलावून सांगितलं, की पोरीला हातच्याची वजाबाकी येत नाही, पाढे पाचाच्या पुढे सरकत नाहीत, एप्रिलच्या परीक्षेत हीच तऱ्हा राहिली तर तिला पुन्हा तिसरीतच बसवा. त्यावर योगेंद्रराव म्हणाले, परत तिसरीच करायची तर ती नरडाण्याला त्यांच्या आईकडे, पुष्पाबाईंकडे करू दे, त्यांना सोबत होईल. म्हणजे एका हातच्यापायी आठ वर्षांची पोर आईबापाला सोडून गावी जाणार. हातचा घेतल्यावर परत द्यावा लागतो की नाही, हे मला नक्की आठवत नाही. पोर परत मिळत नाही, एवढं ठाऊक आहे.

मी संस्कृतचा माणूस. एकतीस वर्षं द्विवचन शिकवतोय, तेव्हा माझं गणित दोनापर्यंत पक्कं आहे; तिनापासून पुढे आम्ही सगळ्यालाच बहुवचन म्हणून मोकळे होतो. तरी आमच्या गणिताच्या पाटीलसरांना चहा पाजून थोडी विद्या मिळवली आहे. ते म्हणतात, घरी पुस्तक उघडूच नका. खेळा.

सोबतच्या पुडीत वीस चिंचोके आहेत. तुझ्या मामीने निवडलेत, किडका एकही नाही. वीसही हर्षालीकडून मोजून घे. मग तिला पाठ फिरवायला सांग, काही मुठीत घे, बाकीचे फरशीवर राहू दे. तिने फरशीवरचे बघून मुठीतले सांगायचे. चुकली तर 'चुकलीस' म्हणायचं नाही, नुसती मूठ उघडायची. वीस जमले की आणखी चिंचोके घेऊन दहा-दहाच्या पुड्या बांध. सुटे संपले की एक पुडी सोडायची. हातचा म्हणजे एवढंच. हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं, तेव्हा तिला आठव्या वर्षी कळलं नाही याचा फार बाऊ करू नकोस.

रोज वीस मिनिटं, आणि तिला आणखी खेळायचं असतानाच थांबायचं. कसं चाललंय ते लिही. अंगठा नको.

तुझा
अशोकमामा


गोडादरा, सुरत
३० नोव्हेंबर २०२४

ती. मामांना आणि मामीला नमस्कार.

नेटवर्कला सर्दी होते, मामा. इथे सगळ्यांनाच असते, धाग्याच्या कोंड्याने. हे कारखान्यातून येतात तेव्हा यांच्या भुवया पांढऱ्या असतात. हर्षाली म्हणते, पप्पा रोज म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून पुन्हा लहान होतात.

खेळ सुरू केला. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी चिंचोके भाजून देणार आहे. आता स्वतःच पुडी घेऊन बसते. काल मी मूठ धरली आणि विचारलं, "किती?"

"सात."

"नीट बघ."

"मी बघं. तूच बघत नहीस. तुना डोया मिटी गयात."

खरंच मिटले होते. माझं काम तुम्हाला माहीत नसेल. साड्यांवर काचेचे बारीक खडे चिकटवायचे, इथे त्यांना डायमंड म्हणतात. हिलालभाऊ सकाळी गठ्ठा टाकून जातात आणि दुसऱ्या सकाळी उचलतात. आता लग्नाचा सीझन आहे, गठ्ठा रोज जाड होतोय. दुपारी चारला हर्षाली शाळेतून येते, तेव्हा मी खेळायला बसते आणि बसल्याबसल्या डुलकी लागते. परवा मूठ मिटलेली ठेवूनच झोपले. तिने माझं एकेक बोट उघडलं, चिंचोके मोजले, परत ठेवले, बोटं मिटवली, मला हलवून उठवलं आणि सांगितलं, "अकरा!" याला चोरी म्हणायचं की पडताळा, ते तुम्ही पाटीलसरांना विचारा.

वीसपर्यंतचं चुकत नाही आता. पुड्या अजून बांधल्या नाहीत, बांधते.

हे म्हणाले, मामांना सांग, आमच्याकडे पण आठ साच्यांचा, म्हणजे मागांचा खेळ असतो, एक बंद पडला की शेठ रिकामी मूठ उघडून दाखवतो. हे क्वचितच विनोद करतात म्हणून लिहिलं.

तुमची
सोनाली


अमळनेर
९ डिसेंबर २०२४

चि. सोनाली,

पाटीलसरांचा निर्णय असा, की तो पडताळा आहे. चोरी करणारा चिंचोके परत ठेवत नाही.

योगेंद्ररावांचा विनोद मी स्टाफरूममध्ये सांगितला. कुणी हसलं नाही. आमच्याकडे महिन्याच्या एक तारखेशिवाय कशाला हसत नाहीत.

वजाबाकी मार्गी लागली असं धरतो आणि पाढ्यांकडे वळतो. पाढा घोकून घेऊ नकोस. घोकण्याबद्दल मी बोलावं असं नाही, माझा जन्म त्यात गेला. पण 'रामः रामौ रामाः' तोंडपाठ असलेले चाळीस जण मी पाहिलेत, ज्यांना वाक्यात राम भेटला तर ते ओळख दाखवत नाहीत. पाढा दिसला पाहिजे. अनुष्टुभाचे चार चरण, एकेकात आठ अक्षरं. मी बत्तीस मोजत नाही, मला ते चार ओळींत उभे दिसतात. तसं तिला दिसू दे.

म्हणून नवा खेळ, ओळींचा. एका ओळीत सहा, अशा चार ओळी मांडायच्या. एकेक मोजायचं नाही, ओळी बघून सांगायचं. मग एक ओळ वाढवायची, पुन्हा सांगायचं. मग फडक्याने झाकायचं आणि विचारायचं. याला चिंचोकेच हवेत असं नाही. घरात जे मिळेल ते ओळीत मांड. वाटाणे, बांगड्या, चमचे. मुलांना घरच्या वस्तूंत गणित दिसलं म्हणजे अर्धी भीती जाते, हे पाटीलसरांचं मत आहे आणि या वेळी चहा न पिता दिलेलं आहे.

आणि तू झोपत जा. मास्तरीण पेंगली की वर्ग सुटतो, हा शाळेइतकाच जुना नियम आहे.

अशोकमामा


गोडादरा, सुरत
२६ डिसेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

घाईत लिहिते. ओळींचा खेळ फार चांगला चालला. वाटाणे गडगडतात, म्हणून तुम्ही सांगितलं तसं घरात होते तेच घेतले, डायमंड. साडीच्या काठाला फुलं असतात, एका फुलाला आठ खडे. सहा फुलं झाली की ती म्हणते, आठ सक अठ्ठेचाळीस. सातवं लावलं की छप्पन्न. आठाचा पाढा तिला एका दिवसात आला. आता बाराचा चालू आहे, कारण नव्या गठ्ठ्यातल्या फुलाला बारा आहेत. हात माझ्यापेक्षा सरळ आहे तिचा.

हे सुद्धा चकित झाले. गावाला पाठवायचं म्हणत नाहीत हल्ली.

मामीचा गुडघा कसा आहे? वेळ मिळाला की मोठं पत्र लिहीन.

सोनाली


अमळनेर
४ जानेवारी २०२५

चि. सोनाली,

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. या वेळी हसलेसुद्धा. पाटीलसर म्हणाले, आम्ही पोरांना खडूने शिकवतो आणि सुरतेत हिऱ्यांनी शिकवतात, फरक पडणारच. मी म्हटलं, कल्पना आमची, हिरे त्यांचे.

खरं सांगू? एकतीस वर्षांत माझ्या शिकवण्याने कुणाचं काही अडलेलं सुटलं, असं मला कुणी कळवलं नव्हतं. संस्कृतात तशी सोय नाही. मार्क मिळतात, मुलं पेढे देतात आणि विसरतात. तुझ्या त्या चार ओळींनी म्हातारा सकाळपासून घरात शीळ घालतोय. तुझी मामी विचारते, बदली झाली का?

तू वहीचं काही लिहिलं नाहीस. बाई काय म्हणतात? वर्गातली उदाहरणं सुटतात का? आणि हर्षालीकडून मला एक पत्र हवं. तिने मला एक उदाहरण घालावं, मी सोडवून पाठवीन. चुकलो तर तिने 'चुकलात' म्हणायचं नाही, नुसतं उत्तर पाठवायचं.

गुडघा आहे तिथेच आहे.

अशोकमामा


गोडादरा
१६ जानेवारी २०२५

प्रिय अशोक आजोबा,

मम्मी बोलली तुला आजोबांना पत्र लिहायचं आहे. मी एकटी लिहिते आहे, मम्मी आडवी पडली आहे.

तुम्हाला उदाहरण घालते. एका फुलात ८ डायमंड. एका साडीत १४ फुलं. मी एका दिवसात ५ साड्या केल्या. तर किती डायमंड लावले? मला येतं पण नाही सांगणार.

पहिले माझ्या २ साड्या व्हायच्या. आता ५ होतात. हिलालकाका बोलले, ही तर मम्मीच्या पुढे गेली. उत्तराणला, म्हणजे संक्रांतीला पण केल्या. पतंग खिडकीतून दिसत होते, मी ३१ मोजले.

शाळेत बाईंनी आता भागाकार घेतला असेल. सीझन उतरला की मी जाईन. पाढे तर मला सगळे येतात.

तुमचा खेळ खूप लांब चालतो. वीस मिनिटांचा नाही आहे. बोटांना गम लागतो म्हणून पेन चिकटतं, त्यामुळे अक्षर असं आलं.

तुमची
हर्षाली


अमळनेर
२३ जानेवारी २०२५

सोनाली,

उत्तर पाचशे साठ. हर्षालीला सांग, आजोबांना आलं.

ती शाळेत कधीपासून गेलेली नाही?

मी खेळ पाठवला होता. फुलाला आठ खडे, साडीला चौदा फुलं, दिवसाला पाच साड्या, हा खेळ नाही. पोरगी सणाच्या दिवशी खिडकीतून पतंग मोजते आणि तू मला लिहितेस, हात सरळ आहे. मी ते शाळेत वाचून दाखवलं. लोक हसले, मीही हसलो.

'घरात जे मिळेल ते ओळीत मांड' असं मी लिहिलं होतं. तेवढी ओळ मी परत मागतो. आणि तू तिला उद्याच्या उद्या शाळेत पाठव.

अशोक


गोडादरा, सुरत
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,

सोळा डिसेंबरपासून. विचारलंत म्हणून सांगते. सोमवारपासून पाठवते असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल.

मला दिसत नाही, मामा. दिवाळीपासून. खडा हातात घेतला की दोन दिसतात, कुठला खरा ते गम लागल्यावर कळतं. नोव्हेंबरात एक गठ्ठा हिलालभाऊंनी परत आणला, फुलं वाकडी म्हणून. सगळे खडे सुईने काढून पुन्हा लावले, दोन दिवस गेले. मग एक दिवस तुमचा तो खेळ मांडला. मी खरंच खेळच मांडला होता. चार फुलं तिने लावली, मी नुसती बसले होते. ती चारच सरळ आली. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, आज थोडा जास्त वेळ खेळू. तिसऱ्या दिवशी म्हणावं लागलं नाही. यांना मी डोळ्यांचं सांगितलेलं नाही. बारा तास साच्यांपुढे उभं राहून आलेल्या माणसाला काय सांगू?

मी वाईट आई आहे का, हे मी रोज विचारते, तुम्ही नका विचारू.

तुम्ही चिंचोके पाठवलेत, फार छान निवडलेले. खेळ पाठवलेत, नियम पाठवलेत. वीस मिनिटं पाठवली नाहीत. खेळायला समोर बसेल असं माणूस पाठवलं नाही. पाटीलसरांना हे कुणी विचारलं का, की घरी पुस्तक उघडायचं नाही तर घरी असतं कोण?

आणि आता लिहितेच आहे तर लिहिते. दहावीला मी तुमच्याच घरी होते. संस्कृतात सत्त्याऐंशी आणि गणितात नापास. तुम्ही तेव्हा म्हणालात, जाऊ दे, आपल्या घरात गणित कुणाला आलंय. मामीने शिरा केला होता. पुन्हा परीक्षेला बसायची मुदत गेली म्हणून मी बसले नाही, आणि पुढच्याच मे महिन्यात यांचं स्थळ आलं. माझं वाईट झालं असं मी म्हणत नाही, हे चांगले आहेत. पण माझ्याशी कुणी चिंचोके खेळलं नाही, मामा. तुम्ही शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या मुलांना श्लोक म्हणायला लावत होतात.

राग मानू नका. मानलात तरी पत्र लिहा.

सोनाली


अमळनेर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सोनाली,

तुझं पत्र आलं तेव्हा मामीने विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, खुशाली. आठ दिवस मी खुशाल आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती आता सांगितली पाहिजे. मुदत गेली नव्हती. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता आणि नऊ दिवस शिल्लक होते. मी तुला सांगितलं, गेली. मास्तरच्या घरातली पोर एकदा नापास झाली तर लोक 'असं होतं' म्हणतात. दुसऱ्यांदा झाली तर मास्तरबद्दल बोलतात. मला तेवढं टाळायचं होतं. मग स्थळ आलं आणि मला वाटलं, सुटलो. तुझ्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हटली होती, स्वर फार चांगला लागला होता.

यावर क्षमा मागण्याची संस्कृतात पुष्कळ सोय आहे. मी ती वापरत नाही.

चाळीस दिवसांची रजा काढली आहे, अर्धपगारी. हेडमास्तर म्हणाले, परीक्षेच्या दिवसांत? मी म्हटलं, हो, परीक्षाच आहे. गुरुवारी ताप्तीच्या गाडीने सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरतो. मला न्यायला कुणी यायचं नाही. अंथरूण आणतोय.

मला शिवणटिपण येत नाही, पण गम लावता येईल. हिलालभाऊंना सांगून ठेव, नवा माणूस येतोय, कच्चा आहे. हर्षालीला शुक्रवारपासून शाळा.

अशोक


गोडादरा, सुरत
९ मार्च २०२५

सौ. विजयास, परमुलखातल्या कामगाराकडून,

तू विचारतेस मी जेवतो का. जेवतो. झोपतो का? खोली दहा बाय बारा, तिच्यात तीन माणसं, दोन गठ्ठे आणि मी. खालच्या मजल्यावर साचे चालतात, खटाखट, अष्टौप्रहर, एकाच वृत्तात. पहिले चार दिवस मी त्यांच्या मात्रा मोजत पडलो. आता ते थांबले तर जाग येते.

हुद्दा असा: मी साड्यांना फुलं लावतो. पहिल्या दिवशी दीड साडी झाली. हिलालने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "मास्तर, ही ओळ आहे का तापीचं वळण?" सगळी उसवायला लावली. हर्षाली शाळेतून आली तेव्हा मी सुईने खडे काढत होतो. ती शेजारी बसली, म्हणाली, "आजोबा, असा नको, बोट सुकू द्यायचं," आणि हात पुढे केला. मी तिचा हात धरून बाजूला ठेवला. तिला राग आला. तिला वाटलं, मी तिला कच्ची समजतो.

सोनालीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोठा आजार काही नाही, चष्मा हवा होता, वर्षभरापूर्वी हवा होता. चष्मा घालून तिने पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर हर्षालीची बोटं. दुसऱ्या दिवसापासून हिलालला अर्धाच गठ्ठा ठेवायला सांगितलंय, आणि योगेंद्ररावांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला कुणी सांगत नाही, मी काय साचा आहे का?" मग बराच वेळ आंघोळ करत बसले.

शाळेत मी पोचवायला गेलो. पन्नासच्या वर दिवस गैरहजर. बाईंनी मला उभं केलं आणि पालक म्हणून झाडलं. मी मान खाली घालून ऐकलं. फार वर्षांनी कुणी मला शिकवलं.

आता गंमत ऐक, म्हणजे गंमत नाही ती. बाईंनी फळ्यावर गुणाकार घातले, पोरीने सगळे तोंडी दिले. मग दोन अंकी वजाबाकी घातली आणि ती आहे तिथेच अडली, नोव्हेंबरात अडली होती तिथे. मला आधी कळेना. मग गठ्ठ्याकडे बघून कळलं. इथे खडा फक्त लागतो, काढावा लागला तर रडू येतं. तिच्या गणितातून कमी होणंच निघून गेलंय.

यावर माझ्याकडे खेळ होता, पण तो मी काढलाच नाही, कारण योगेंद्ररावांनी आपला काढला. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी येतात, तेच आता तिला शाळेत पोचवतात. वाटेत जी रिक्षा दिसेल तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे शंभरातून कमी करायचे. लिंबायतला शाळेपर्यंत रिक्षांना तोटा नाही. पहिल्या दिवशी तिला एकही वजाबाकी आली नाही. काल बाप उत्तराला चुकला आणि पोरगी रस्त्यात टाळ्या वाजवून नाचली, असं तेच सांगत होते. दिवसपाळीच्या आठवड्यात मी जातो. मला अजून अडखळायला होतं.

सोनालीने माझ्या त्या पत्राबद्दल अक्षर काढलेलं नाही. परवा जेवताना न विचारता ताटात दुसरी भाकरी वाढली. तिचा अर्थ काय? मी आयुष्यभर अन्वय लावत आलो, हा लागत नाही. तुला लागला तर कळव.

गुडघ्याला तेल लाव.

तुझा
अशोक


गोडादरा, सुरत
७ मे २०२५

ती. मामांना आणि मामीला नमस्कार.

निकाल लागला. हर्षाली चौथीत गेली. गणितात वर्गात मधली आहे, वर नाही, खाली नाही. वजाबाकीत दोन चुकल्या. बाई म्हणाल्या, इतकी गैरहजेरी नसती तर आणखी वर आली असती. मी हो म्हटलं. यांनी पेढे आणले आणि आईला नरडाण्याला फोन करून सांगितलं, पोर इथेच राहील, आठ दिवस सुट्टीला पाठवतो. आई म्हणाल्या, मग माझ्याजवळ कोण?

तुम्ही गेल्यापासून खोली मोठी वाटत नाही, उलट तुमच्या अंथरुणाच्या जागेवर गठ्ठा आला. हिलालभाऊ विचारतात, मास्तर परत कधी येणार, हसायला काही राहिलं नाही.

फॉर्मचं मी वाचलं होतं. नऊ दिवस. तुम्ही इथे होतात तेव्हा रोज वाटायचं आज बोलू. मग तुम्ही गमाच्या बोटांनी चष्मा सारखा करायचात आणि बोटं काचेला चिकटायची, आणि मी ओलं फडकं शोधायला उठायचे. माझा राग गेला असं समजू नका. तो धरून बसायला निवांत वेळ लागतो, तो मिळाला की धरीन. तोपर्यंत तुम्ही पत्र लिहीत राहा.

कालपासून सुट्टी लागली. लग्नांचा दुसरा सीझन सुरू झालाय, हिलालभाऊ पूर्ण गठ्ठा टाकून गेले, मी अर्धा परत दिला. चष्म्याने बरं दिसतं पण चार तासांनंतर मान जाते. दुपारी चारच्या सुमाराला हर्षाली गल्लीतून आली, हातपाय धुतले, आणि गठ्ठ्यापुढे माझ्या समोर येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. साडी मांडीवर ओढून घेतली आणि बोट गमाच्या वाटीत घातलं.

मी म्हटलं, "ऊठ."

"का? मी वाकडं नाही लावत."

"माहीत आहे. ऊठ, बोट धू."

"मग मी काय करू?"

"काही नको करू."

ती उभी राहिली. बराच वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा बाहेर. काहीच करायचं नसतं तेव्हा काय करतात, हे तिला आठवत नव्हतं, मामा. मला सांगता येईना, कारण मलाही आठवत नाही. खालून शेजारणीच्या मुलींचा आवाज आला, पकडापकडी चालली होती. ती एक पायरी उतरली. मग थांबली. मग धावत गेली.

गठ्ठा माझ्यापुढे तसाच होता. सहा वाजले, सात वाजले, तिची चप्पल दारातच पडलेली, ती अनवाणीच गेली होती. बाकीच्या आया मुलांना हाका मारायला लागल्या. मी मारली नाही.

सोनाली